गाडी सेल्फ घेत नव्हती, आणि बॅटरी तर नवीन होती

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायचं असं रात्रीच ठरलं होतं, कारण जरा उशीर केला की सगळे चाकरमानी एकदम परतीला लागतात आणि मग संगमेश्वर ते पनवेल किती तास लागतील ते कुणीच सांगू शकत नाही. डिकी भरून झाली होती, नारळ, तांदूळ, काकूने बांधून दिलेली आमसुलं, आई पुढच्या सीटवर पर्स मांडीत घेऊन तयार, मुलगी मागे अर्धवट झोपेत. मी चावी फिरवली. टक. परत फिरवली. टक-टक-टक-टक. पुढे काहीच नाही.

आमचं गाव देवरूखच्या जवळ, घर रस्त्यापासून खाली उतारावर, अंगणातून गाडी बाहेर काढायची तर चढ. त्यात पाच दिवस पाऊस नुसता कोसळत होता आणि गाडी फणसाखाली उघड्यावर उभी. आईची सोमवारी ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं ते त्या दिवशी ठरणार होतं, त्यामुळे मला खरंच टेन्शन आलं.

काका ओटीवरून म्हणाले, "काय झालं रे, बॅटरी बसली काय?" आणि मला तिथेच अडायला झालं, कारण बॅटरी जुलैमध्येच नवीन टाकली होती.

ते आधी सांगतो, कारण सगळी चूक तिथून सुरू झाली. गाडी २०१२ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. जुलैमध्ये ठाण्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये असाच टक-टक आवाज आला. शेजारच्यांनी जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज आपल्या गाडीला देणारी जाड वायर, लावली, एका सेल्फमध्ये गाडी चालू. बॅटरी चार वर्षांची झालेलीच होती, म्हणजे प्रश्नच नाही, बॅटरी गेली. ३५ एएचची नवीन बॅटरी घेतली, चार हजारांच्या वर गेले. तीन आठवडे गाडी छान चालली आणि एका संध्याकाळी ऑफिसबाहेर परत टक-टक, पण चौथ्यांदा चावी फिरवल्यावर उचलली. गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले सेल्फ मोटर (चावी मारली की इंजिन फिरवते ती मोटार) जातेय, आतले कार्बन ब्रश झिजले असतील, आख्खी बदलून टाका, साडेसहा हजार. म्हटलं गणपतीनंतर बघू. मीटर कुणीच लावला नाही. त्यांनीही नाही आणि मीही नाही, आणि मी तर स्वतः कंपनीत पंप आणि मोटारींच्या मेंटेनन्सला आहे, तिथे एकही मोटार मोजल्याशिवाय खोलू देत नाही. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र दोन महिने दुसऱ्यांच्या अंदाजावर पैसे घालवले, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर चुलतभावाने, दादाने, त्याची पिकअप आणून शेजारी लावली. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते म्हणून चालतं, ट्रकवरून किंवा एसटीवरून कधी जंप घेऊ नका, तिथे २४ व्होल्ट असतात, गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळेल. दादाने पटापट केबल लावल्या, लाल प्लसला प्लस, काळी मायनसला मायनस, पिकअप रेस करून ठेवली. मी चावी मारली. टक-टक-टक. दहा मिनिटं तशीच चार्ज होऊ दिली, परत मारली, तेच. तोपर्यंत वाडीतले पाच-सहा जण जमले होते. कोणी म्हणे केबल हलकी आहे, कोणी म्हणे सेल्फ जाम झालाय, खालून हातोडीने ठोक. (सेल्फचे ब्रश अडकले असतील तर हलके ठोकल्याने खरंच एखाद वेळ चालतो, तो सल्ला काही वेडगळ नाही.) धक्का मारायचा विषय पण निघाला, पण चिखल आणि चढ बघून मी नको म्हटलं. माणसं घसरून पडली असती.

मग मी सगळ्यांना जरा थांबा म्हटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिलं म्हणजे चावी ऑन करून काटे आणि दिवे बघितले. चावीचा दिवा म्हणजे इमोबिलायझरचा, तो लागून विझत होता, म्हणजे गाडीने चावी ओळखली. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोन सेकंदाची घूं ऐकू आली. म्हणजे तेही ठीक, आणि तसंही सेल्फच फिरत नसेल तर पेट्रोल आणि स्पार्क बघण्यात अर्थ नसतो, ते पुढचं पुढे. हे दोन प्रकार लोक फार मिसळतात. इंजिन घर्रघर्र फिरतंय पण पकडत नाही हा एक आजार आणि इंजिन फिरतच नाही हा पूर्ण वेगळा, आणि आपला दुसरा होता.

मग हेडलाइट लावले. पहाटेचा अंधार अजून होता, समोर गोठ्याच्या भिंतीवर स्वच्छ पांढरा उजेड पडला. दादाला भिंतीकडे बघायला सांगून मी चावी मारली. "थरथरतात जरा," तो म्हणाला, "पण मंद होत नाहीत."

ही फार मोठी खूण आहे. बॅटरी खरंच बसलेली असेल तर सेल्फ मारताना हेडलाइट एकदम पिवळे पडतात, कधीकधी विझतात. सेल्फ मोटर आतून जाम असेल तरी ती भरपूर करंट ओढते आणि दिवे मान टाकतात. आमचे दिवे मान टाकत नव्हते, म्हणजे बॅटरीतून मोठा करंट निघतच नव्हता. बॅटरीत दम आहे, मोटारीपर्यंत पोचत नाही. मध्येच कुठेतरी अडतंय.

पुतण्या देवरूखला आयटीआयला वायरमन ट्रेड करतो, त्याच्याकडे मल्टिमीटर होता, पिवळा, साधाच. त्याला हाक मारली. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवला आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटरच्या काड्या टेकवल्या. १२.५८. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, आत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे २.१ च्या आसपास. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. आमची १२.५८, म्हणजे ठणठणीत. पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा पुरेसा नसतो, कधीकधी मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा विश्रांतीत १२.५ दाखवते आणि लोड आला की कोसळते, म्हणून काड्या तशाच धरून चावी मारायला सांगितली. सेल्फ मारताना ९.६ च्या वर राहिली तर बॅटरी चांगली मानतात. आमची १२.३ च्या खाली उतरलीच नाही. म्हणजे जुलैमध्ये बॅटरी बदलायची गरज होती की नव्हती हा प्रश्न माझ्या मनात तिथे उभं राहूनच आला.

आता राहिल्या वायरी. सेल्फची मोठी वायर बॅटरीच्या प्लसवरून थेट सेल्फ मोटारीवर जाते. आणि परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग, तो बॅटरीच्या मायनसवरून दोन ठिकाणी जातो, एक बारीक वायर बॉडीला आणि एक जाड वायर खाली गिअरबॉक्सला. ही जाड वायर का लागते, तर इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फ मोटारीची बॉडी हाच तिचा मायनस, ती इंजिनला बोल्टने आवळलेली, म्हणजे तिचा सगळा करंट त्या एका जाड वायरीनेच बॅटरीला परत यायचा. दिव्यांना त्या वायरीशी देणंघेणं नाही, ते बॉडीवरून अर्थ घेतात. म्हणून दिवे लख्ख आणि सेल्फ मेलेला, हे एकाच गाडीत एकाच वेळी होऊ शकतं.

पुतण्याने लगेच मीटर बीपवर टाकला, म्हणजे वायर सलग जोडलेली असेल तर तो वाजतो, एक काडी मायनस टर्मिनलवर, दुसरी गिअरबॉक्सच्या बोल्टवर. बीप वाजला. "काका, बीप येतोय, म्हणजे वायर बरोबर आहे."

मी त्याला म्हटलं, इथेच फसायला होतं. बीपला मीटर अगदी नखभर करंट सोडतो, पन्नास तारांतली एक तार शाबूत असली तरी तो वाजणार. सेल्फला छोट्या गाडीत पण शंभर-दीडशे अँपिअर लागतात. शाळेतला ओहमचा नियम लाव, वायरीत नुसता ०.१ ओहमचा अडथळा असला आणि १०० अँपिअर जायला लागले तर तिथेच १० व्होल्ट खाल्ले जातील, मोटारीला उरणार दोन. आणि ०.१ ओहम या मीटरवर दिसणार पण नाही, काड्यांच्या वायरीचाच तेवढा असतो. म्हणून वायर नेहमी लोडवर तपासायची.

मीटर परत व्होल्टवर घेतला. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे, आतल्या शिशाच्या खुंटीवर. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, इंजिन उचलायला जो लोखंडी हुक असतो त्याच्यावर. दोन्हीकडे मायनसच आहे, म्हणजे शून्य यायला पाहिजे, आणि सेल्फ मारतानासुद्धा चांगल्या गाडीत ०.२-०.३ च्या वर जात नाही, ०.५ म्हणजे लक्ष द्यायला लागलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बायकोला चावी मारायला बसवलं.

टक-टक-टक. मीटरवर आकडे उड्या मारत होते, ५ पॉइंट काहीतरी, ८, ७, ९. पुतण्या वाकून बघत राहिला. मायनसपासून मायनसपर्यंत नऊ व्होल्ट. बॅटरी जे देत होती त्यातलं बहुतेक सगळं त्या एका वायरीत संपत होतं.

आणि तेवढ्यात त्याचा हात कशाला तरी लागला आणि त्याने पटकन मागे घेतला. "काका, ही तापलीय." ती क्लचची केबल होती. आमच्या गाडीला क्लच केबलचा आहे, पेडलपासून बॉडीतून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला जाते, आत पिळाची स्टीलची तार. मी बोट लावून बघितलं, चांगलीच गरम. करंटला परतीचा हमरस्ता बंद मिळाला की तो आडवाटा शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारं जे काही धातूचं सापडेल त्यातून जातो. दोन आठवड्यांपूर्वी ठाण्यात गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास आला होता, बायको म्हणालीही होती, आणि मी बाहेरचा कचरा जळत असेल म्हणून काचा वर केल्या होत्या. ते आठवून अंगावर काटा आला, कारण या प्रकारात केबलचं अस्तर वितळून क्लच भर ट्रॅफिकमध्ये अडकू शकतो.

आता जुलैचं कोडंही सुटलं. त्या दिवशी शेजारच्यांनी जंपर नीट पद्धतीने लावला होता. नीट पद्धत म्हणजे लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर, लांब. कारण शेवटच्या टोकाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ते त्यांनी सुरक्षिततेसाठी केलं, पण त्यामुळे आमची खराब अर्थिंगची वायरच बाजूला पडली आणि सेल्फला थेट त्यांच्या बॅटरीचा मायनस मिळाला. गाडी चालू झाली आणि आम्ही सगळे धरून चाललो की बॅटरी गेलेली. नवीन बॅटरी बसवताना त्या मुलाने वायरी हलवल्या, लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, थोडा घासला गेला, म्हणून तीन आठवडे ठीक चालली. आणि आज दादाने काळी केबल बॅटरीच्या मायनसवर लावली, म्हणजे करंटला परत त्याच कुजक्या वायरीतून यायचं होतं. दोन बॅटऱ्या जोडल्या काय आणि दहा जोडल्या काय.

पडताळा घ्यायचा म्हणून दादाची फक्त काळी केबल घेतली, पिकअप बाजूला. एक टोक आमच्याच बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या हुकवर, चिमटा जरा हलवून घट्ट बसवला. बायकोला म्हटलं, मार.

एका झटक्यात चालू. आई आतून टाळ्या वाजवायला लागली.

चालू गाडीत बॅटरीवर १४.१ व्होल्ट येत होते, म्हणजे अल्टरनेटर, बॅटरी चार्ज करणारा, चांगला होता. केबल काढली तर लगेच १३.१ वर आला, कारण अल्टरनेटरसुद्धा इंजिनलाच बसवलेला, त्याचाही परतीचा रस्ता तोच. म्हणजे धक्का मारून कशीबशी चालू केली असती तरी वाटेत बॅटरी नीट चार्ज झालीच नसती आणि पेण-वडखळला कुठेतरी चहाला थांबल्यावर परत अडकलो असतो.

गाडी बंद करून, थंड होऊ देऊन वायर काढायला घेतली. मायनस आधी सोडायचा, नेहमी, कारण प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. दहा नंबरच्या पान्याने टर्मिनल सुटलं. बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर काढल्यावर खाली गिअरबॉक्सवरचा बोल्ट दिसला, बारा नंबरचा, गंजून तपकिरी. जोर लावल्यावर कचकन सैल झाला. वायर हातात आली तेव्हा वरून काळं प्लास्टिक अगदी धड होतं, पण गिअरबॉक्सकडच्या टोकाला लगच्या मुळाशी हिरवी पांढरी भुकटी होती, शेवाळासारखी ओलसर. मी वायर जरा वाकवली तर आतल्या तांब्याच्या तारा मोडून बोटांवर पडल्या, काळ्या, चुरा झालेल्या. दहा-बारा तेवढ्या लगला धरून होत्या. ब्लेडने प्लास्टिक सोललं तर तो काळेपणा आत बोटभर गेलेला. पाणी तारांच्या मधून वर चढतं, म्हणून नुसतं टोक घासून भागत नाही, नवीन वायरच लागते. अकरा पावसाळे बघितलेली वायर होती.

देवरूखला एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान साडेनऊला उघडलं. तिथपर्यंत दादाच्या पिकअपमधून गेलो, जुनी वायर बरोबर नेली. त्यांनी तेवढ्याच लांबीची, पण जुनीपेक्षा जाड तांब्याची वायर कापली, दोन्ही टोकांना नवीन लग बसवून मोठ्या पकडीने दाबले आणि वरून स्लीव्ह तापवून बसवली. साडेतीनशे रुपये. मी म्हटलं जरा जास्त वेळ लागला तरी चालेल पण नीट दाबा, तर त्यांनी लग पक्कडीत धरून मला खेचून दाखवला.

घरी येऊन गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने घासली, पांढरा धातू चमकेपर्यंत, बोल्टही घासला. बॅटरीच्या खुंट्या घासल्या. सगळं आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली, आवळायच्या आधी नाही, आधी धातूला धातू टेकू द्यायचा. परत तीच टेस्ट. पुतण्यानेच काड्या धरल्या आणि मोठ्याने आकडा वाचला, "शून्य पॉइंट बारा." सेल्फचा आवाजच बदलला होता, गेलं वर्षभर तो हळू फिरत होता आणि मला वाटायचं जुनी गाडी म्हणजे असंच असणार.

निघायला साडेअकरा वाजले. ट्रॅफिक व्हायचं तेवढं झालं, घरी पोचायला रात्रीचे साडेदहा. वाटेत दोनदा थांबलो, दोन्ही वेळा गाडी बंद केली. सोमवारी आईला वेळेवर नेलं. क्लचची केबल त्याच आठवड्यात बदलून घेतली, जुनी कापून बघितली तर आतलं प्लास्टिकचं अस्तर वीतभर लांबीत वितळून तारेला चिकटलेलं. सेल्फ मोटर अजून तीच आहे, उघडलीसुद्धा नाही.

मीटर आता माझ्या डिकीत असतो. पुतण्याला नवीन घेऊन दिला, जरा बरा, आणि तो वाडीत कुणाची गाडी अडली की पहिली काडी मायनसला लावतो. यंदाच्या गणपतीला परवा निघतोय, काल संध्याकाळी बॉनेट उघडून मोजलं, ०.१४ आहे.